लिफ्ट लावली, साखळी नाही

रविवार, संध्याकाळ

ह्यांचा पाय सुजलाय. उद्या प्लँटवर जायचंय आणि बुटात पाय शिरत नाही.

बाइकचं काम झाल्यावर, बाइक उचलून धरायची ती लोखंडी घडीची लिफ्ट मी मिटली आणि दाराआड भिंतीला टेकवली. ती घसरू नये म्हणून वरून साखळी अडकवायची असते. हात धुता धुता ह्यांनी विचारलं, "लावली काय वं?"

"लावली." म्हणजे भिंतीला. हे साखळीचं विचारत होते.

ह्यांनी दार ओढताच ते लोखंड ह्यांच्या पायावर आलं. साखळी खिळ्यालाच लटकत होती. मला खरंच कळलं नव्हतं, की कंटाळा केला?

शेजारचे भाऊ धावत आले, तर हे कण्हत म्हणाले, "माह्याच हातून पडली."

"लय धांदरट हाये हा, वहिनी!"

मी बर्फ धरून बसले होते. हसलेसुद्धा.