प्रश्न पाठ, उत्तरं पलीकडच्या रांगेत

आंधळगाव,
सोमवार

माझ्या बाकावरच्या खेमराजा,

सोमाजीचा रामराम. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे अजून माझ्यासोबत चालतात, मर्जी असली तर.

सकाळपासून कानात खटाक्-खट वाजतंय. आठवतं? शाळेच्या भिंतीमागे माग चालायचा आणि गुरुजी त्याच तालावर कविता म्हणवून घ्यायचे. 'खटाक्'ला आपण पोरांनी प्रश्न विचारायचा, 'खट'ला पोरींनी उत्तर द्यायचं. (पोरींशी आपलं बोलणं तेवढंच.)

तर यंदा गावची कन्याशाळा मुलांच्या शाळेत विलीन केली. माझा मुलगा धर्मेंद्र म्हणाला, पोरांसोबत शिकणं नको, गुड्डीला मोहाडीला मुलींच्या वसतिगृहात टाकतो. नातीने रडून घर डोक्यावर घेतलं. म्हणून पालकसभेत मी छाती काढून उठलो. म्हटलं, मी पोरींसोबत शिकलेला माणूस आहे, तेव्हाची कविता मला आजवर पुरली! मुख्याध्यापिका मंजुषा मॅडम म्हणाल्या, मग म्हणून दाखवा ना, आजोबा. मी डोळे मिटून सूर लावला, 'सांग रे पाण्या, कुठे निघाला? वाटेत कोणी अडवले तर? तेथून मागे कधी येशील?' आणि तिथेच अडलो. पुढे आठवत होते तेही प्रश्नच! तळ्याच्या पाळीवर, न्हाणीघरात, लग्नाच्या पंगतीत मी आयुष्यभर नुसते प्रश्न गात आलो (आणि स्वतःला रसिक समजत आलो). पाणी कुठे निघालं, याचा पत्ताच नाही. सभा खो खो हसली. धर्मेंद्र म्हणाला, "बाबा, तुम्ही तं अर्धीच शिकून आले. मंग पोरीले तिथं ठेवू कायले?" मी तावातावाने शब्द देऊन बसलो, की शनिवारी अख्खी कविता म्हणतो, नाहीतर खुशाल टाक वसतिगृहात.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सोमाजी

ता. क. : तुझी बहीण रंभाबाई पोरींच्या रांगेत होती. तू एकोडीहून तिला फोन लाव आणि उत्तरं मागून घे. (ती माझ्याच गल्लीत राहते, हे मला ठाऊक आहे. पण कवितेबाहेर मी तिच्याशी अजून बोललेलो नाही.)

पुन्हा ता. क. : माझं नाव सांगू नको.

थांब, कडी वाजली.

खेमराजा, दारात रंभाबाई! म्हणते, "लिहिणं ठेवा बाजूले, सोमाजी. सभेतलं आयकलं मी. 'धानाच्या बांधीत मुक्कामाला' हे मले पाठ हाय, पण मुक्काम कोणाचा? तुमचे प्रश्न सांगा बाप्पा, जलमभर नुसती उत्तरंच देऊन राहिली मी."