भाला उजळत नाही

शनिवार, ४ जानेवारी
नवा संकल्प: यंदा टेबलावर शिस्त. खेळ सोपा आहे. प्रत्येकाचा कागदावरचा एक योद्धा, मी मास्टर. गुहेत काय घडतं ते मी सांगायचं, त्यांनी फासे टाकायचे. पण दातांच्या डॉक्टरला धड वाचता येईल तर ना! त्याच्या जादूच्या भाल्याच्या कार्डावर वर लिहिलंय, अंधारात चांदण्यासारखा उजळतो. खाली नियम: माऱ्याच्या फाशात एक जादा. बस्स. तर हा म्हणे भाल्याच्या उजेडात खड्डा चुकवतो! मी बजावलं, वरचं ते वर्णन. नुसती सजावट. मशाल आणायची होतीस. योद्धा खड्ड्यात, डॉक्टर हिरमुसला. दाढा उपटणाऱ्याला कशाला हवंय चांदणं?

शनिवार, ११ जानेवारी
मेहुणी (बायकोची धाकटी बहीण, अक्कल बेताची) म्हणाली, भाऊजी, उजळू दे की भाला, काय बिघडतंय? काय बिघडतंय! आज भाला उजळेल, उद्या ढाल गाणी म्हणेल. बायकोनेही बहिणीचीच री ओढली. दोघींना फैलावर घेतलं. खेळ बंद पडला, पण नियम टिकला.

शनिवार, १८ जानेवारी
आज माझा राक्षस उतरवला. दोन महिने खपलोय त्याच्यावर. कुऱ्हाड अशी, की तिच्या घावातून आजवर कोणी वाचलेलं नाही. डॉक्टरवर घाव घातला आणि सांगितलं, मेलास. त्याने शांतपणे कुऱ्हाडीचं कार्ड मागितलं. खाली नियम: माऱ्यात एक जादा. म्हणाला, वरची सजावट छान आहे हं. चहा निवायच्या आत राक्षस खलास.
कुऱ्हाडीची गोष्ट वेगळी. वर्णनालाही कधीकधी वजन असतं, आणि कधी असतं ते मास्टर ठरवतो. इतकं सरळ आहे. मठ्ठ लेकाचे, हसत बसले.

शनिवार, २५ जानेवारी
मास्टरची खुर्ची मेहुणीला द्यायची, असं मतदान झालं. तीन विरुद्ध एक. मी मोठ्या मनाने सोडली. उशी मात्र काढून घेतली, ती माझी आहे. एक शनिवार जाऊ दे, रडत येतील माझ्याकडे.

शनिवार, १ फेब्रुवारी
अजून रडलेले नाहीत.
मेहुणीने आल्या आल्या भाला उजळवला. मी ठणकावलं, नियमात उजेड नाही, सबब माझ्या योद्ध्याला काहीही दिसत नाही. तिने विचारलं, भाऊजी, नक्की ना? नक्की! मग मशाल आहे का? नव्हती. मास्टरला कधी लागलीच नाही.
डॉक्टर आणि बायको खड्ड्याला वळसा घालून गेले. मी तत्त्वाने सरळ गेलो.
डॉक्टर भला माणूस, परत आला. खड्ड्यात भाला खाली सोडून म्हणाला, धरा, वर ओढतो. दिसतोय ना? चांगला लख्ख दिसत होता. मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो.
मग खेळ सोडून चहा करायला कोण उठणार, अशी चर्चा निघाली. मेलेला मी एकटाच होतो.