पालथ्या हाताचं बोलावणं

आबा, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही. तो आधी सांगून टाकतो.

लहानपणी मी दारातून एका पाहुण्याला बोट वाकवून बोलावलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली होती. "कुत्रं हाय व्हय रं त्ये? मान्साला पालथ्या हातानं बलवावं," म्हणालात, आणि पंजा जमिनीकडं करून चारी बोटं आपल्याकडं ओढून दाखवलीत. तेव्हापासून मी तसंच बोलावतो. पुढं जर्मनीत नोकरीला लागलो. तिथं असा पालथा पंजा हलवला की लोकांना वाटतं आपण निरोप घेतोय. तेही हसून हात हलवतात आणि चालू लागतात. बोलवायचं तर हात उताणा. जिच्याशी लग्न केलं तिनंही पहिल्यांदा मला बोट वाकवूनच बोलावलं होतं, आणि मी तुमचाच मुलगा, दिवसभर घुश्शात होतो.

तुम्हाला न विचारता केलेलं लग्न. तिला घेऊन जतला आलो, तर तुम्ही तिच्याशी अवाक्षर बोलला नाहीत. ती आईजवळ चुलीपाशी बसून भाकरी थापायला शिकली, हात भाजून घेतले, आणि तुम्ही तुमचं ताट मेंढरांपाशी मागवून घेतलंत. आम्ही निघालो तेव्हाही बाहेर आला नाहीत. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलोय, ती मागं. गाडी फाटकातून बाहेर पडते आणि ती एकदम ओरडते, "तुझे वडील! हात हलवतायत!" तिचा चेहरा इतका उजळलेला मी क्वचितच पाहिलाय. मी मान वळवेपर्यंत धुळीत काही दिसत नाही. ती मात्र वळण येईपर्यंत काचेतून हात हलवत राहते.

तुम्ही बोलावत होता. आईनं नंतर फोनवर सांगितलं. सुनेसाठी आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं विणून घेतलेलं घोंगडं काखेत मारून तुम्ही धावत आला होतात, आणि सून हसत हसत निघून गेली. मी तुम्हाला परोपरीनं समजावलं. "तिकडं काय हात येगळं असत्यात व्हय? बलावल्यालं कळत न्हाई?" एवढं बोलून तुम्ही फोन आईकडं दिलात. घोंगडं कुणाला तरी देऊन टाकलंत, आणि सांगलीच्या दवाखान्यात डोळे मिटेपर्यंत आमचं नाव काढलं नाहीत.

आवं, गळा होता की तुमच्याकडं! एका हाळीत माळावरचा सगळा कळप वळवायचात. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, अपशकुन होतो, म्हणून तोंड मिटून नुसता हात हलवलात. कसला शकुन राखलात आबा? तुमचा मुलगा गेला तो गेलाच.

तिला यातलं काहीच ठाऊक नाही. सासरे शेवटी फाटकापर्यंत आले, हात हलवून निरोप दिला, असं ती अजून आल्यागेल्याला सांगते, आणि सांगताना तिचे डोळे भरतात. तुमची तिच्याजवळ एवढी एकच चांगली आठवण आहे. अलीकडे ती अक्षरं लावून लावून मराठी वाचायला शिकतेय, म्हणून ती कामावरून यायच्या आत हा कागद फाडून टाकणार आहे. आणि एक कबूल करतो. ती ते सांगत असते तेव्हा शेजारी बसून मी गप्प ऐकतो, आणि तेवढ्यापुरते तुम्ही खरंच आम्हाला निरोप देत असता.