आधी पल्याडची घरं बघा

माय, भांडी घासून फळीवर मांडताना मी अजूनही खालचा कागद वाचते. तुला अक्षर येत नव्हतं, तरी तालुक्याचं जुनं वार्तापत्र तू ओळी सरळ येतील असंच अंथरायचीस. कसं कळायचं तुला, कोण जाणे. एकेक पातेलं उचलून मी त्यावरच वाचायला शिकले. म्हणून कितीतरी बातम्या मला अर्ध्याच माहीत आहेत, उरलेल्या तव्याखाली राहिल्या.

मी लहान आहे, त्या वर्षीचा पूर ओसरला आहे. घरात गाळाचा थंड वास, चूल विरघळून गेलेली, आणि दारात पंचनाम्याला तलाठी. तू मला मागच्या दारानं शेजारणीकडे साखरेला पिटाळतेस. तीन विटांवर चहा करतेस. "आमचं काई न्हाई गेलं, सायेब. आधी पल्याडची घरं बघा." मी म्हणते, "माय, चूल..." तू डोळे वटारतेस. "गप बस. दारी आलेल्या पाव्हण्याला कुणी मागतं का?"

तू गेल्यावर आम्ही तुझ्या या घरात राहायला आलो. मागची भिंत तुझ्या जावयानं वडीगोद्रीहून विटा आणून स्वतः बांधली. ते गेले, तेव्हापासून मी रोज दुपारी तिला पाठ टेकून बसायचे. यंदाच्या पुरात ती पडली. तलाठी मॅडम आल्या, आणि माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं.

मग वार्तापत्र आलं. नदीच्या दोन्ही काठांची गावं शेजारीशेजारी छापलेली, दोन्हीपुढे "नुकसान किरकोळ". खाली लिहिलं होतं, अल्याडच्यांनी पल्याडची घरं दाखवली, पल्याडच्यांनी अल्याडची. खरं नुकसान आठवड्यात लेखी कळवावं, नाहीतर मदत मिळणार नाही. मी शेजारणीला वाचून दाखवलं. "मंग घरं पडली कुणाची, नदीची?" ती म्हणाली. मीही हसले. पण कागदावर बघता बघता मला पल्याडच्या दारादारांत तू दिसायला लागलीस, हातात कपबशी. ती तुझ्या एकटीची खोड असं मी जन्मभर समजत होते. ती तर सगळ्या नदीकाठाची निघाली.

मी अर्ज लिहिला. मागची भिंत पूर्ण पडली, एवढंच. ते लिहायला मला अख्खी सकाळ लागली. आज मॅडम पुन्हा आल्या. "मावशी, तवाच का न्हाई सांगितलं?"

"तवा तुम्ही पाव्हण्या होत्या," मी म्हणाले.

हे पत्र कुठं पाठवू? फळीवर अंथरीन, ओळी सरळ ठेवून. एक मात्र कुठल्याच अर्जात येणार नाही. चहा मी आजही केला, आणि साखर शेजारणीकडूनच आणली. भिंत पडली आहे, तिथूनच गेले.