लोक रांजणापाशी का थांबतात

२ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाला हात घातला की माणसाने लिहून ठेवावं, पुढे लोक विचारतात.

संग्रहालयाचं काम मिळालं. ॲप. फोन घेऊन माणूस ज्या वस्तूसमोर उभा राहील, तिची माहिती फोन आपणहून सांगेल. बटण दाबायला नको. प्रत्येक वस्तूमागे साबणाच्या वडीएवढा बीकन चिकटवायचा, फोनला त्याचा सिग्नल मिळाला की फोन बोलू लागतो. याला कॉन्टेक्स्ट-अवेअर म्हणतात. मी मराठीत 'प्रसंगावधानी' केलं आहे. शब्द आंघोळ करताना सुचला.

संचालक मॅडमची अट: महिनाभर ट्रायल, २८ला उद्घाटन, आणि ॲप ठेवायचं की काढायचं ते त्याच दिवशी विश्वस्त ठरवणार. ठेवतीलच.

कन्येला सांगितलं. आठवीत आहे. पूर्वी दिवसभर मागे असायची, बाबा हे काय, बाबा ते काय. हल्ली काही विचारत नाही. मी तोंड उघडलं की म्हणते, बाबा, थोडक्यात. पण आज सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आमच्या वर्गाची सहल त्याच दिवशी आणता येईल, बाईंना विचारते. मी उगाचच दोनदा गॅलरीत जाऊन आलो.

ठराव: रोज लिहिणे. गोड बंद.

९ मार्च

रोज लिहिणं जमलं नाही. कामच तेवढं.

घरी टेस्ट केली. चपलांचा स्टँड, सोफा, फ्रिज, सगळीकडे बीकन. आवाज माझाच. बायको म्हणाली, आवाज छान आहे, वॉशिंग मशीन कसं लावायचं ते मला समजावतोस ना, अगदी तसा. मनमोकळं कौतुक फार दिवसांनी ऐकलं.

संध्याकाळी किचनमधून माझा फोन मोठ्याने बोलला: आपण इथे आज सहाव्यांदा आला आहात, ही वस्तू आपल्याला विशेष प्रिय दिसते. तोंडात केक असल्यामुळे मला खुलासा करता आला नाही. बायकोने विचारलं, फ्रिजची माहिती ऐकायला थांबला होतास की केक खायला? प्रश्नाचा रोख कळला नाही. सिस्टिम चोख चालते, हे महत्त्वाचं.

१२ मार्च

किरकोळ अडचण. जुनं सिंहासन भिंतीला टेकून आहे आणि भिंतीपलीकडे लेडीज टॉयलेट आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडम आत. त्यांच्या फोनमधून माझा आवाज: आपल्यासमोर एक दुर्मिळ आसन आहे. घाई करू नका. बारकाईने पाहा. बसण्यास सक्त मनाई आहे.

मॅडम फोन बंद करतच बाहेर आल्या. म्हणजे आवाज स्पष्ट ऐकू आला. बीकन सरकवला.

आमच्या प्रोग्रामरला आम्ही 'पण' म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. आज म्हणाला, पण हे ॲप सारखं सिग्नल शोधत राहतं, बॅटरी खातं, भरलेला फोन तासाभरात मान टाकतो. म्हटलं, ही ज्ञानाची भूक आहे. म्हणाला, पण. मी मीटिंग संपवली.

१७ मार्च, दुपार

घाईत लिहितोय, अक्षराकडे बघू नये.

कॉलेजच्या मुलांची ट्रायल झाली. कुणाचा फोन कुठे किती वेळ थांबला, हे ॲपला कळतं. त्याला ड्वेल टाइम म्हणतात. तलवार: वीस सेकंद. सिंहासन: अर्धं मिनिट. मागच्या दालनाच्या कोपऱ्यातला मातीचा रांजण: अकरा मिनिटं.

पुन्हा बघितलं. अकराच.

पाणी साठवायचा साधा रांजण. इतकी वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, आणि आता तिथे रांग. कारण उघड आहे. रांजणाचा मजकूर मी लिहिला. तलवारीचा 'पण'ने.

पोस्टरसाठी रांजणाचा फोटो मागवला. वाईट आला आहे, मागे भिंतीवरचा प्लगपॉइंट दिसतो. क्रॉप करायचा.

२१ मार्च

कन्येला संग्रहालयात नेलं. मी मॅडमना ड्वेल टाइम समजावत होतो, मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. वेळेचं महत्त्व त्यांनाही पटलेलं दिसतं. दोन तासांनी कन्येला शोधायला गेलो तर कुठे सापडावी? रांजणापाशी. फरशीवर बसून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून त्याच्याकडे बघत होती. माझे डोळे भरून आले. रक्तातच आहे.

शेजारी बसून रांजणाचा इतिहास सुरू केला. म्हणाली, बाबा, थोडक्यात. आणि मला तुझ्या ॲपबद्दल एक सांगायचंय. म्हटलं, कौतुक उद्घाटनाच्या दिवशी कर, सगळ्यांसमोर. मान डोलावून ती पुन्हा रांजणाकडे बघू लागली. विनयी पोर आहे.

घरी येऊन रांजणाच्या मजकुराचे चौदा परिच्छेद केले.

२५ मार्च

मॅडमनी अखेर मानलं. रांजण मुख्य दालनात, मधोमध, वर प्रकाशाचा झोत. हलवायला चार माणसं लागली. एकाने विचारलं, यात एवढं काय आहे? त्याला तिसऱ्या परिच्छेदापर्यंत सांगितलं, मग तो पाणी प्यायला म्हणून गेला तो आलाच नाही.

'पण' म्हणाला, पण त्या कोपऱ्यात. मी त्याला दोन दिवस सुट्टी दिली. ताण आलाय पोराला.

२७ मार्च

उद्या. भाषण पाठ. शर्टाला इस्त्री झाली. मोठ्या स्क्रीनसाठी एक्स्टेन्शन बोर्ड न्यायचा होता, तर सापडत नाही. या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ. कन्येला विचारलं तर म्हणाली, झोप आलीय. सात वाजता. उद्याच्या आनंदाने थकली असेल.

गोड बंदच आहे. आजचं धरायचं नाही.

२८ मार्च, सकाळ

आरशासमोर भाषण म्हटलं. उत्तम.

२८ मार्च, संध्याकाळ

झालं ते क्रमाने लिहितो.

स्क्रीनवर संग्रहालयाचा नकाशा. माणसं जिथे जास्त, तिथे लाल डाग. मी म्हणालो, आता बघा, डाग रांजणापाशी जमेल. झोताखाली रांजण होता. रांजणापाशी मी, मॅडम आणि तीन विश्वस्त होतो. बाकी कुणी नाही. डाग मागच्या कोपऱ्यात, आणि वाढत चाललेला.

थोरल्या विश्वस्तांनी विचारलं, तिथे काय आहे? म्हटलं, काही नाही. मग लोक काय बघतायत? मी म्हणालो, रिकाम्या जागेलाही आशय असतो. ते म्हणाले, चला, आशय बघून येऊ.

कोपऱ्यात अख्खा वर्ग फरशीवर फतकल मारून बसला होता. मध्ये, भिंतीवरच्या प्लगला जोडलेला आमच्या घरचा एक्स्टेन्शन बोर्ड. हिरव्या टेपवरून ओळखला, टेप मीच लावली होती. मांजरीला पिल्लं लुचतात तसे त्याला फोन लागलेले. रांजण हलवला, त्याला नवा बीकन लावला, पण भिंतीवरचा जुना काढायचा राहून गेला होता. त्यामुळे सगळे फोन माझ्या आवाजात, एकापाठोपाठ एक, समोर नसलेल्या रांजणाबद्दल बोलत होते. कुणी दुसऱ्या परिच्छेदात, कुणी नवव्या.

कन्या रांग लावत होती. दहा टक्क्यांच्या खालचे आधी. बाईंनी विचारलं, बोर्ड कुठून आणलास? ती हळूच म्हणाली, घरून. मागे आले होते तेव्हा माझाही फोन संपला होता. बाबांचं ॲप मध्येच बंद पडायला नको म्हणून आणला. मग तिची नजर माझ्यावर गेली आणि तिने मान खाली घातली, जणू चूक तिचीच होती.

मला लाज वाटली. आणि खूप प्रेमही वाटलं. भाषण केलं नाही.

३ एप्रिल

निर्णय त्याच दिवशी झाला होता, पत्र आज आलं. ॲपला विश्रांती. 'बंद' हा शब्द कुठेही नाही. रांजण जुन्या कोपऱ्यात परत, आणि तिथे बाक आणि आणखी प्लग. मॅडम म्हणाल्या, तुमच्या संशोधनातून एवढं तरी निघालं. 'संशोधन' हा शब्द त्यांचा.

नीट विचार केला तर तत्त्व सिद्ध झालं आहे. लोक थांबले, ते ॲपमुळेच. पुढच्या व्हर्जनमध्ये बॅटरी आणखी लवकर संपवायची. 'पण'ला फोन करून सांगितलं. पहिल्यांदाच तो 'पण' म्हणाला नाही. म्हणाला, दुसरीकडे नोकरी लागली.

दुपारी बीकन काढायला गेलो, कन्या सोबत. शेवटचा राहिला तो रांजणाचा. फोन संपत आला होता, प्लगला लावला आणि बाकावर बसलो. हातात काही नाही, त्यामुळे समोर बघत राहिलो. रांजणाच्या गळ्याखाली काहीतरी दबल्यासारखं दिसलं. चौदा परिच्छेदांत ते कुठेच नव्हतं. मी विचारलं, हे काय गं?

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, बोटांचे ठसे आहेत. माती ओली असतानाचे. मोठे आहेत ते कुंभाराचे, आणि हा बघ, अंगठा, माझ्यापेक्षाही लहान. त्याच्या मुलीचा असेल. बाबांचं भांडं कलंडतंय असं वाटलं असेल, म्हणून तिने या बाजूने धरलं.

मी म्हणालो, आणखी सांग. तिने विचारलं, थोडक्यात की सविस्तर?

सविस्तर, म्हटलं. फोन तीन टक्क्यांवर होता.