निळ्या शालीबाहेरचा हात

२ जून

चि. सौ. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू पाठवलेले लाडोबाचे पाचही फोटो फळ्याला टाचून चर्चचं चित्र जवळजवळ पुरं केलंय. मेरीमातेला तुझं नाक दिलेलं नाही, घाबरू नकोस. निळ्या शालीचा मोठा त्रिकोण आणि त्याच्या मधोमध बाळ, तुझ्या लाडोबावरून घेतलेलं. आई बाळाकडे बघत नाही. पुढचं तिला ठाऊक असतं, म्हणून नजर लांब. बाळाच्या उजव्या मुठीत लाल डोक्याचा पक्षी दिलाय, ती पुढच्या रक्ताची खूण.

काल फादर आले. बाळाचा मांडीवरून लोंबणारा डावा हात बघून चित्राच्या जवळ सरकले. म्हणाले, क्रुसावरून उतरवलेला मुलगा आईच्या मांडीवर असतो तेव्हा त्याचा हात असाच लोंबतो, ते तुम्ही आत्ताच सुचवलंत. मी मान डोलावली. फुकटचं श्रेय कोण सोडतो?

चित्राचा फोटो सोबत आहे. लाडोबाचा पापा घे. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
दादा

९ जून

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

चित्राचा फोटो बघितला आणि लगेच लिहायला बसले. तुझे फादर मोठे असतील, पण माझ्या लेकराच्या अंगावर मरणाची खूण नको. तो हात वर घे. हे हसतात, चित्रकाराच्या बहिणीने इतकं हळवं असू नये म्हणतात. हसू देत.

लाडोबा मजेत आहे. सहा महिन्यांचा झाला, पण इतका शांत की शेजारणी हेवा करतात. खुळखुळा फक्त उजव्या हाताने धरतो, डाव्यात दिला की पडतो. पठ्ठ्या आत्तापासूनच उजवा, मामासारखा.

रागावू नकोस. माया असू दे.

तुझी,
धाकटी

१३ जून

चि. सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

हात वर घेतला. आता तो आईच्या गळ्याशी आहे. पण बोटं जमेनात, म्हणून तू पाठवलेले फोटो पुन्हा नीट पाहिले. पाचही फोटोंत लाडोबाचा डावा हात तसाच लोंबतोय. एकातही वर नाही. मी काही सुचवलं नव्हतं गं, समोर होतं तेच रंगवलं. त्यात तुझी खुळखुळ्याची ओळ आठवली आणि ब्रश खाली ठेवला.

मला भीती वाटते. पत्र मिळताच त्याला डॉक्टरांकडे ने. मी चुकलो असेन तर जन्मभर चिडव.

दादा

१७ जून

ती. दादास, शि. सा. न.

त्याला दवाखान्यात ठेवून घेतलंय. उद्या मेंदूची तपासणी आहे. डॉक्टर भले आहेत, पण एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारतात, हात कधीपासून असा आहे. फोटोंच्या मागे मी तारखा घातल्यात, ते लगेच पाठव. मला सांगता आलं नाही, दादा. रोज मीच त्याला न्हाऊ घालते.

धाकटी