राखणीचा दगड

आई, मागच्या अंगणातला दगड काढला. मंगळवारी सकाळी काढला, आज शनिवार. मधे दोनदा धो धो पाऊस पडून गेला, तरी घरात टिपूस नाही. मी आत्ता मागच्या खोलीत जमिनीवर बसून लिहितेय. जमिनीवर, बरं का. खाली गोणपाट नाही की खाटेवर पाय वर घेऊन बसलेली नाही. लादी खडखडीत कोरडी आहे, हात फिरवला तर धूळ लागते. धूळ बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. माझ्या सख्ख्या आईला मी आयुष्यात पत्र लिहिलं नाही, तिला वाचता येत नव्हतं. वाचता तुम्हालाही येत नव्हतं, पण सासूला न लिहून चालत नाही. तेव्हा तुम्ही गावी गेल्यावर महिन्याला एक कार्ड टाकायचे, मामंजी वाचून दाखवायचे. आता दोघंही नाहीत. मी तिसरी शिकलेली, जोडाक्षरं चुकली तर चुकली, तपासायला कोण बसलंय.

दगडाचं सांगायचं म्हणजे तुम्ही मुंबई सोडलीत त्या दिवसापासून सांगावं लागेल. मिल बंद पडली, मामंजी म्हणाले आता गावाकडेच राहू, आणि मुलुंडची ही बैठ्या चाळीतली शेवटची खोली, मागच्या हातभर अंगणासकट, माझ्या गळ्यात पडली. मला लग्न होऊन वर्ष नव्हतं झालं. तुम्ही मोरीत बसून बांगडे साफ करताय, मी बाजूला उभी राहून पाणी घालतेय, आणि तुम्ही मान वर न करता घर सांभाळायचे हुकूम देताय. "पावसाच्या आधी कौलां चाळून घे. मोरयेत केस सोडू नको. शेवग्याक सुरवंट इले तर रॉकेलाचो बोळो दाखव. आणि त्या कोपऱ्यातलो धोंडो हलवू नको हां. राखणेक ठेवलो हा." मी म्हटलं, बरं. कसली राखण, कोणाची, काही विचारलं नाही. आदल्या दिवशीच मी वालाला फोडणी कशाची देऊ म्हणून विचारलं होतं, तर तुम्ही शेजारणीच्या देखत म्हणाला होतात, "इतक्यां पण कळणा नाय तुका?" त्यानंतर पंधरा दिवस मी तुम्हाला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पंधरा दिवसांच्या आत तुम्ही गाडीत बसलात.

आमच्या गावाला राखणदार म्हणजे वाडीचा मालकच. दिसत नाही, पण असतो. त्याच्या दगडाला पाय लागला तर ताप येतो, त्याला विसरलं तर गाय आटते. तुम्ही राखणेक म्हणालात आणि माझ्या डोक्यात राखणदार उभा राहिला. मग काय. पहिल्या अमावास्येला मी दगड धुतला, शेंदूर लावला, नारळ फोडला. तुमच्या चिरंजिवांनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, "हे काय नवीन?" म्हटलं, नवीन कसलं, तुमच्याच आईने बसवलेला आहे. "असेल," म्हणाले आणि पेपर उघडला. अंगणात काय आहे काय नाही ते त्यांना कधी ठाऊक होतं? ते तिकडे चूळ भरायला जायचे तेवढेच. आज ते असते तरी काही उपयोग झाला नसता, उगाच भांडण झालं असतं.

दोन वर्षांनी डोळे दाखवायला तुम्ही मुंबईत आलात. पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदा अंगण बघायला मागे गेलात, मी काय काय बिघडवलंय ते मोजायला. मी दारामागे उभी. तुम्ही कोपऱ्याकडे गेलात, शेंदूर बघितलात, जास्वंद बघितलीत, थांबलात. मग वहाणा काढल्यात आणि हात जोडलेत. माझ्याकडे वळून म्हणालात, "बरां केलंस गो." सबंध आयुष्यात तुमच्याकडून मिळालेली ही एकच शाबासकी, तेव्हा ती मी नीट जपून ठेवली होती. आता कळतंय की शेंदूर दिसला म्हणून तुम्ही हात जोडलेत. तुम्हाला वाटलं सुनेने देव बसवला, मला वाटलं सासूने बसवला, आणि आपण दोघी एकमेकींच्या भरवशावर त्याच्या पाया पडत होतो. एकीने जरी तोंड उघडलं असतं तरी चाळीस वर्षं वाचली असती. एरवी आपली तोंडं कुठे बंद असायची?

तुम्ही गेल्यावर, वर्षश्राद्धाच्या आधी, मी दगडाला चौथरा बांधला. तुमच्या नावाने काहीतरी करावं असं वाटलं होतं, उगाच नाही म्हणत नाही. सिमेंट कालवलं, चारी बाजूंनी दगड पक्का केला, वर पांढऱ्या टाइल्स लावल्या, झकास. आणि त्याच पावसाळ्यात पहिल्यांदा अंगणातलं पाणी उंबरा ओलांडून घरात आलं.

त्याच्या पुढचं काय सांगू. घर म्हणजे सतत रडणारं पोर झालं. एका बाजूने गप्प करावं तर दुसरीकडून सुरू. उंबरा दोन विटा वर घेतला, तर पाणी भिंतीच्या खालून झिरपायला लागलं. भिंतीला डांबर लावलं, तर प्लास्टर पापडासारखं सुटलं. कौलं जाऊन सिमेंटचे पत्रे आले तेव्हा वाटलं आता सुटलो, तर पत्र्यावरून पाण्याची धार थेट अंगणात आणि अंगणातून माझ्या पलंगाखाली. कपाटाचे पाय कुजले. दाराच्या चौकटीला वाळवी लागली. घुशींनी शेवग्याच्या मुळाशी बीळ केलं ते थेट मोरीत निघालं, एक दिवस मी आंघोळीला बसले तर समोर मिशा. पाणी जायला बाजूने चर खणला, तर ते शेजारणीच्या ओट्यावर गेलं आणि ती कंबरेला पदर खोचून आली, "तुमची गंगा तुमच्या घरात ठेवा!" पंचवीस वर्षं मी तिच्याशी भांडले, खरं तर ती बरोबर होती. प्लंबरला बोलवावं तर तो म्हणणार मावशी उद्या येतो, आणि त्याचा उद्या गणपतीनंतर उगवायचा. आला तरी कोपऱ्याकडे बघून म्हणायचा, हे इथे खणावं लागेल. मी म्हणायची, ते सोडून बोल. तो पिशवी उचलून चालता व्हायचा.

आणि मी काय करत होते? मला वाटत होतं चौथऱ्याला काहीतरी कमी पडलं म्हणून राखणदार रागावलाय. म्हणून एका नारळाचे दोन केले. पाणी वाढलं तसा शेंदूरही वाढला. दगड इतका जाड झाला होता की त्याला नाक फुटेल असं वाटायचं.

यंदा भिंत फुगली. मागची, ओट्याच्या वरची, जिच्याखाली माझी सून उभी राहून स्वयंपाक करते ती. आषाढात एक दिवस ती भाकऱ्या थापतेय आणि वरून प्लास्टरचा थाळीएवढा तुकडा तव्यावर पडला. जरा पुढे वाकली असती तर डोक्यात होता. तिने गॅस बंद केला, तवा उचलला आणि भाकरीसकट माझ्यापुढे आणून ठेवला. "घ्या आई. तुमच्या देवाने वाढलंय." गवंडी येऊन बघून गेला. म्हणाला, अंगणातलं पाणी बाहेर काढायची वाट केली नाही तर ही भिंत दिवाळी बघणार नाही, आणि वाट काढायची तर त्या कोपऱ्यातूनच, उतार तिकडेच आहे. मुलगा म्हणाला, "आई, देवाला दुसरीकडे बसवू, व्यवस्थित बसवू." मी म्हटलं, माझ्या आजेसासूपासूनचं असेल, तुम्हाला काय ठाऊक, मी मेल्यावर काय ते काढा. तशी सून भांडी लावता लावता म्हणाली, "चालेल. तुमचं नि भिंतीचं काय ठरलंय ते फक्त आधी सांगा, कोण पहिलं जाणार. त्याप्रमाणे मी माहेरी जाते." जिभेने तुमच्यावर गेलीय. रक्ताचं नातं नाही तरी कशी गेली कोण जाणे.

त्या रात्री काही झोपमोड झाली नाही, मी कशानेही झोपते. पण सकाळी उठून ओट्याकडे बघितलं तर ती त्याच भिंतीखाली उभी राहून डबे भरत होती, डोक्यावर स्टीलची परात उलटी घालून. हसायला आलं आणि मग आलं नाही. म्हटलं, बोलवा गवंड्याला. पण देवाला कौल लावल्याशिवाय हात लावायचा नाही.

मंगळवारी मुलाने अर्धी रजा टाकली. अंगणात घोट्याएवढं पाणी. मी दगड धुतला, डावी-उजवी जास्वंदीची एक एक पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर परवानगी, हे आपल्याकडचं तुम्हाला सांगायला नको. मग गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, तुजी जागा हालवतंव, राग मानू नको. भित पडाक इली हा, लेकराबाळांचो सांभाळ कर." मुलगा म्हणाला, "होय महाराजा." सून म्हणाली, "होय महाराजा," ऑफिसच्या फोनवर बोलते तशी. आणि आम्ही पाकळ्यांकडे बघत उभे राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकही हलेना. गवंडी पहार घेऊन ताटकळलेला. सून म्हणते, "आई, गोंद लावलात का?" मी म्हटलं, तोंड सांभाळ. तेवढ्यात गवंड्याने कंटाळून पहार खाली टेकवली, ती जोरात आपटली, चौथरा हादरला आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. "दिला कौल," गवंडी म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत टाइल फोडली.

मी डोळे मिटले होते. आवाज ऐकला तो गुडगुड गुडगुड, मोठं माणूस घाईघाईत पाणी पितं तसा. डोळे उघडले तर अंगणातलं सगळं पाणी कोपऱ्याकडे धावत होतं. शेवग्याची पानं, सुनेची क्लिप, सगळं चाललं वाहत. दगडाखाली भोक होतं, लोखंडी कडं होतं आणि त्याच्यात फुटक्या झाकणाचा अर्धा तुकडा लटकत होता. चाळ बांधताना केलेली पाणी जायची वाट, मागच्या मोठ्या गटारात. गवंड्याने बॅटरी मारून आत बघितलं आणि हसायलाच लागला. "मावशी, देव कुठला, चेंबर आहे हा! झाकण फुटलं असेल, पोरंबाळं पडू नयेत म्हणून कोणीतरी दगड ठेवलाय राखणीला."

राखणीला. तोच शब्द, आई. तो बोलला आणि मला मोरीतले बांगडे दिसले.

मी ओल्या पायरीवर बसले. कोणाला वाटलं असेल धक्का बसला. कसला धक्का, पोटातलं इतक्या वर्षांचं काहीतरी त्या पाण्याबरोबर गुडगुडत गेलं. कोणी रागावलेलं नव्हतं. नारळ कमी पडला म्हणून काही झालेलं नव्हतं. नुसता पाइप तुंबलेला होता, तोही मीच तुंबवलेला. गेल्या पावसाळ्यात नातीला महिनाभर खोकला होता तेव्हा मी गुपचूप नाक घासून आले होते त्या दगडापुढे. तेही आता विसरायला मोकळी. दुसऱ्या दिवशी लोखंडी जाळी बसवली, भिंत पोखरून नवीन भरायला घेतलीय, शेजारणीच्या घरी मी स्वतः जाऊन चर बुजवला असं सांगून आले. तिने चहा दिला, साखर घातली नव्हती, पण दिला. दगडाचं काय करायचं म्हणून जरा वाद झाला. विसर्जन करायचं तर रिक्षा करावी लागेल, आणि विसर्जन कोणाचं? शेवटी शेंदूर घासून काढला, फाटक वाऱ्याने आपटतं तिथे टेकवून ठेवलाय. मी त्याला पाय लावत नाही. बाकीचे लावतात.

आता हे पत्र कशाला ते सांगते, आणि मग हा कागद बारीक फाडून टाकीन, कारण सून घरातला कागद न् कागद वाचते. गवंडी हसायचा थांबला तेव्हा मुलाने विचारलं, "पण आई, हा देव आहे असं तुला सांगितलं कोणी?" तिघंही माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "तुझ्या आजीने. स्पष्ट म्हणाल्या होत्या, देव आहे म्हणून." मग तिघंही पोट धरून हसली, तुम्हाला हसली. "काय ही जुनी माणसं," सून म्हणाली. आता नातीने शाळेत सांगितलंय, शेजारणीला कळलंय, सगळीकडे तुम्हीच अडाणी ठरला आहात. तुम्ही देव म्हणाला नव्हतात. गवंड्याने तो शब्द उच्चारला तेव्हाच मला कळलं होतं, मुलाने विचारायच्या आधी. खरं कधीतरी सांगेन असं मी म्हणणार नाही. तुम्हाला आता काय फरक पडतो. मला या सुनेबरोबर अजून राहायचंय.